मानसशास्त्राची पदवी मिळाली, समुपदेशकाची सनद कुठे आहे?

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी महिन्याभराच्या अंतराने दोन बातम्या वाचल्या. पहिली २५ जुलैची होती. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे, असे त्यांत बजावले आहे. दुसरी बातमी ऑगस्टमधली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित काही विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद करण्यास सांगितले.

एका बातमीने मागणी वाढवली आणि दुसरीने पुरवठ्याची एक रुळलेली वाट बंद केली. साहजिकच पालक गोंधळले. मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत टेबलाच्या पलीकडून येणारा प्रश्न बहुधा असाच असतो : “मॅडम, पोरगी सायकॉलॉजी घेते म्हणतेय. पुढं काउन्सेलर होता येतं म्हणे. खरंच येतं का, आणि पोट भरतं का त्यावर?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्या टेबलावर, मागे रांग उभी असताना, त्यांची पुरी उत्तरे देता येत नाहीत. ती इथे देते.

एकाच दारावरच्या चार पाट्या

आधी शब्दांचा उलगडा करायला हवा. ‘मनाचे डॉक्टर’ या एकाच नावाखाली आपल्याकडे चार वेगवेगळी माणसे ओळखली जातात आणि या क्षेत्राबद्दलचे निम्मे गैरसमज त्या सरमिसळीतून होतात. फरक समजण्यासाठी एकच उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एका बाईंचे पती अचानक गेले. तीन महिने उलटले तरी त्यांना रात्री झोप लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, आणि सून सांगते की आई दिवसभर भिंतीकडे बघत बसतात.

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. बाईंना तीव्र नैराश्य आले आहे का, थायरॉइडसारखे एखादे शारीरिक कारण आहे का, औषधे सुरू करावीत का, हे तो ठरवतो, आणि या चौघांपैकी औषध लिहून देण्याचा अधिकार फक्त त्याला आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असे डॉक्टर नसतात. मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन आजाराचे स्वरूप आणि तीव्रता तपासणे आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने मानसोपचार करणे हे त्यांचे काम. समुपदेशक बाईंच्या दुःखाला बोलण्याची जागा देतो, विस्कटलेल्या दिवसाची घडी पुन्हा बसवायला मदत करतो, आणि ‘आता जगून काय करायचं’ असे त्या म्हणू लागल्या तर वेळ न दवडता त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. समाजकार्यकर्त्याची नजर घरावर आणि गावावर असते. पतीच्या निवृत्तिवेतनाचे कागद कुठे अडले आहेत, घरात कोण कोणाशी बोलत नाही, मदत करू शकेल असे जवळचे कोण आहे, हे तो पाहतो.

तेव्हा समुपदेशन म्हणजे प्रशिक्षित माणसाने, ठरलेल्या वेळेत आणि गोपनीयता पाळून, समोरच्याला स्वतःची अडचण नीट पाहता यावी आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा यासाठी केलेली मदत. या मराठी शब्दातच ‘उपदेश’ बसलेला आहे आणि तो मला नेहमी खटकतो, कारण या कामात उपदेश जवळजवळ करायचाच नसतो.

बी.ए. झाल्यावर हाती काय येते

तीन किंवा चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थी स्मरण, अध्ययन, भावना, व्यक्तिमत्त्व, बालविकास, मनोविकारांची तोंडओळख आणि थोडे संख्याशास्त्र शिकतो. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमातल्या बाणांच्या रेषा मोजतो, प्रतिक्रियाकाल नोंदवतो. हे सगळे उपयोगाचे आहे, पण ते मनाविषयीचे ज्ञान आहे. एखाद्या अडचणीत सापडलेल्या माणसासोबत काम करण्याचे कौशल्य त्यातून येत नाही आणि येईल असा दावा अभ्यासक्रमही करत नाही.

वाहतुकीचे सगळे नियम पाठ असलेला माणूस आणि पन्नास प्रवासी घेऊन वरंधा घाटातून एस.टी. उतरवणारा चालक यांच्यात जे अंतर आहे, तेच इथे आहे. नियम ठाऊक नसलेल्याच्या हाती गाडी देता येत नाही हे खरे, पण केवळ नियम ठाऊक असलेल्याच्या हातीही देता येत नाही. चालकाला आधी शिकाऊ परवाना मिळतो, मग पक्का, मग अवजड वाहनाचा, आणि मधल्या काळात शेजारी जाणता माणूस बसलेला असतो. मानसशास्त्राची पदवी शिकाऊ परवान्याच्या जागी आहे. ती घेऊन स्वयंसेवी संस्थेत क्षेत्रकार्य करता येते, एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात सुरुवात करता येते, बी.एड. करून शिक्षकी पेशात जाता येते, प्रशिक्षण घेऊन हेल्पलाइनवर स्वयंसेवक होता येते. दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र लावू नये.

त्यासाठी किमान दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते, आणि तीही समुपदेशन मानसशास्त्र, क्लिनिकल किंवा उपयोजित मानसशास्त्र यांपैकी एका शाखेतली असलेली बरी. औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करून नंतर समुपदेशनाकडे वळणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना प्रात्यक्षिकाचा मोठा भाग पुन्हा नव्याने उभा करावा लागतो.

सनदेचा प्रश्न

कायद्याची पदवी घेतलेल्याला बार कौन्सिलची सनद मिळाल्याशिवाय न्यायालयात उभे राहता येत नाही. डॉक्टरला वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मग समुपदेशकाची सनद कुठे मिळते? गेल्या अनेक वर्षांचे खरे उत्तर असे, की कुठेच नाही. या पेशातली सगळ्यांत मोठी संधी आणि सगळ्यांत मोठी घाण, दोन्ही या एका पोकळीतून आल्या आहेत. दोन दिवसांची कार्यशाळा करून प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारा आणि सहा वर्षे शिकून पर्यवेक्षणाखाली काम केलेला, दोघांच्या दारावर एकच पाटी असते, आणि आत जाणाऱ्याला फरक कळण्याचा काही मार्ग नसतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची गोष्ट वेगळी आहे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वसन परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणतात, या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत नाव नसताना या पदनामाने काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा कायद्यात आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे, आणि तिचा गाभा म्हणजे पूर्णवेळ शिक्षण आणि देखरेखीखाली केलेले रुग्णकाम. आजवर हा रस्ता प्रामुख्याने दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात असे. एम.फिल. ही पदवी एकूणच बंद करताना यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोरुग्णसेवेतील समाजकार्य यांना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली, आणि परिषदेने दरम्यान नव्या रचनेचे अभ्यासक्रम आणले. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या विशिष्ट संस्थेच्या त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर किंवा माझ्यासारख्या प्राध्यापिकेच्या शब्दावरही विसंबू नये.

समुपदेशकांसाठीची पोकळी भरण्याची सुरुवात २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने केली. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य विज्ञान या गटाखाली पुनर्वसन परिषदेच्या कक्षेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोरुग्णसेवेतील समाजकार्यकर्ते ही सगळी मंडळी आली आहेत. या कायद्यानुसार ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायचे तर पदवीचे शिक्षण किमान ३,६०० तासांचे आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेले असावे लागते. यूजीसीने ऑगस्टमध्ये दूरस्थ अभ्यासक्रम का थांबवले, याचे उत्तर इथे आहे. मानसशास्त्र या कायद्याच्या कक्षेत आले, आणि एकदा एखादा पेशा आरोग्यसेवेत मोजला गेला की तो टपालाने शिकवता येत नाही. न्यायालय म्हणाले, पात्र माणसे नेमा. यूजीसीने पात्रतेची एक पळवाट बंद केली. दोन्ही बातम्या एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

तिसऱ्या मिनिटाला दिलेला धीर

पण वर्गात बसून असे काय शिकता येते, जे पुस्तकातून येत नाही? या प्रश्नावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळे मर्म इथे आहे.

एम.ए.च्या वर्गात आम्ही दोन खुर्च्या समोरासमोर, थोड्या तिरक्या मांडतो. एक विद्यार्थिनी समुपदेशक होते, दुसरी बारावीत नापास झालेल्या मुलाची आई. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू असते. आई सांगू लागते, की मुलगा तीन दिवस खोलीबाहेर आलेला नाही, जेवणाचे ताट तसेच परत येते, नवरा म्हणतो तुझ्याच लाडाने वाया गेला. तिसऱ्या मिनिटाला समुपदेशक झालेली मुलगी कळवळून म्हणते, “ताई, तुम्ही काळजी करू नका, सगळं नीट होईल.” तिथे आम्ही ध्वनिमुद्रण थांबवतो आणि आईची भूमिका करणारीला विचारतो, हे ऐकून काय वाटले? एकदा आलेले उत्तर मला अजून आठवते : “माझं बोलणं संपलं असं वाटलं.”

ती विद्यार्थिनी चांगल्या मनाचीच होती. आपण घरी, शेजारी, मयताला गेल्यावर असाच धीर देतो आणि तो तिथे योग्यही असतो. समुपदेशकाच्या खुर्चीत बसून दिलेला धीर मात्र बहुतेकदा ऐकणाऱ्याचे स्वतःचे अवघडलेपण मिटवण्यासाठी असतो. समोरच्याचे दुःख सहन होईना की आपण त्यावर झाकण ठेवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या अटींपैकी तिन्ही गाजलेल्या गोष्टी, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, त्याचा विनाशर्त स्वीकार आणि स्वतःचा खरेपणा, परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिता येतात. ‘नवरा म्हणतो तुझ्याच लाडाने वाया गेला’ या वाक्यापाशी थांबून “हे ऐकताना तुमचं काय झालं?” एवढेच विचारणे आणि नंतरची तीस सेकंदांची शांतता मोडू न देणे, हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते.

या शेजारी बसण्याला पर्यवेक्षण म्हणतात. आमच्यात सगळे ‘सुपरव्हिजन’च म्हणतात. विद्यार्थी खऱ्या अशिलासोबत, म्हणजे मदतीसाठी आलेल्या माणसासोबत, काम करतो, त्याच्या संमतीने सत्रातला संवाद जसाच्या तसा लिहून आणतो, ज्याला ‘व्हर्बेटिम’ म्हणतात, आणि अनुभवी समुपदेशक त्याच्याबरोबर ओळ न ओळ वाचतो. इथे तू विषय का बदललास? इथे ती वडिलांबद्दल बोलत होती, तू अभ्यासाकडे का वळवलंस? तुझ्या स्वतःच्या वडिलांचं काही आडवं आलं का? असे शंभरेक तास झाले की माणूस तयार होऊ लागतो. अभ्यासक्रम निवडताना इमारत, शुल्क किंवा नाव पाहण्याआधी प्रत्यक्ष अशिलांसोबत किती तास आणि पर्यवेक्षणाचे किती तास, हे दोन आकडे विचारावेत. उत्तर देताना कार्यालय चाचरले, तर ते उत्तरच आहे.

“मग आमची दूरस्थ पदवी वाया गेली का?”

हा प्रश्न मला शिक्षिका, परिचारिका आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला लागलेल्या अनेक बायका विचारतात. यूजीसीचा निर्णय जुलै-ऑगस्ट २०२५ पासूनच्या प्रवेशांबाबत आहे आणि त्याआधी मान्यताप्राप्त विद्यापीठातून रीतसर मिळवलेली पदवी त्याने रद्द होत नाही. या बायकांचा अनुभव, विशेषतः परिचारिकांचा, मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी खाटेशेजारी उभे राहून जे पाहिले आहे, ते वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुलांना मिळणे शक्य नाही. त्यांच्याकडे नसते ते पर्यवेक्षित काम. एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात, रुग्णालयात किंवा संस्थेत वर्षभर देखरेखीखाली काम करून ते मिळवता येते. शाळांकडे वळायचे असेल तर एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका आहे, ज्यात काही महिने घरून अभ्यास, मग प्रत्यक्ष संस्थेत राहून प्रशिक्षण आणि शेवटी कामाचा अनुभव अशी रचना असते. महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी भोपाळची प्रादेशिक संस्था आहे.

काम नेमके कुठे असते

शाळा आणि महाविद्यालये हे सध्याचे सर्वांत मोठे दार. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत समुपदेशक नेमण्याची अट आधीपासून होती, आता न्यायालयाच्या सूचनांनी मंडळ कुठलेही असो, संस्थांवर ते बंधन आले आहे, आणि कायदा होईपर्यंत त्या सूचना बंधनकारक आहेत. शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. म्हणजे एकाच तालुक्यातल्या दहा लहान शाळांसाठी मिळून काम करणारा समुपदेशक, ही कल्पना आता कागदावर तरी शक्य झाली आहे. या सूचनांमागचा आकडा वाचताना हात थांबतो : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या.

सरकारी आरोग्यसेवेत एचआयव्हीच्या समुपदेशन व चाचणी केंद्रांवर, किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पदे असतात. ती बहुतेक कंत्राटी असतात, हे आधीच सांगितलेले बरे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मोफत दूरध्वनी सेवेत १४४१६ वर येणारा फोन पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशकच घेतो आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवतो. ही सेवा मराठीतही चालते. कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असावेत अशी तरतूद १९८४ च्या कायद्यातच आहे, मात्र तिथे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीधारकांशी स्पर्धा असते. बालगृहे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांनाही समुपदेशक लागतात.

महाराष्ट्रात या कामाची संस्थात्मक परंपरा जुनी आहे आणि ती मराठीत उभी राहिली आहे, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ साली सुरू झाली ती मानसशास्त्रज्ञ आप्पा पेंडसे यांच्या पुढाकाराने. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यात काम करते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मानसिक आरोग्याची भाषा घराघरांत नेली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण तर होतेच, शिवाय तिची ‘आयकॉल’ ही हेल्पलाइन २०१२ पासून चालू आहे. शिकाऊ वर्षांत अशा ठिकाणी काम करण्याची संधी मिळाली तर विद्यावेतन किती मिळते हे पाहू नये.

कंपन्यांमधले कर्मचारी समुपदेशन, क्रीडा संघ, कर्करोग रुग्णालये, वंध्यत्व उपचार केंद्रे येथेही कामे आहेत, पण ती प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आणि काही वर्षांच्या अनुभवानंतर मिळतात.

“पण पैसे मिळतात का?”

हिशोब मांडून दाखवते, मग ठरवा. समजा, एम.ए. झालेली मुलगी शहरातल्या एखाद्या केंद्रात काम करू लागली. एका सत्राचे शुल्क ८०० रुपये आहे. समुपदेशनाची सत्रे कापडाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखी दिवसाला वीस घेता येत नाहीत. नीट लक्ष देऊन चार घेता येतात, पाचव्याला मन थकलेले असते. महिन्याचे वीस दिवस धरले तर ऐंशी सत्रे. त्यांतली पाव रद्द होतात, कारण सुरुवातीला माणसे येतात, दोनदा येतात आणि थांबतात. उरली साठ, म्हणजे ४८,००० रुपये. जागा आणि नाव केंद्राचे असल्याने निम्मे केंद्राकडे जातात. राहिलेल्या २४,००० मधून ती स्वतःच्या पर्यवेक्षणासाठी महिन्याला दोन हजार खर्च करते. हातात बावीस हजार. आणि ऐंशी सत्रांची वही भरायला पहिले वर्ष-दीड वर्ष जाते.

शाळेतला पगार नियमित असतो, पण अनेक ठिकाणी समुपदेशकालाच बदली तास, परीक्षेची पर्यवेक्षणे आणि स्नेहसंमेलन दिले जाते. मुले मग त्याला शिक्षक समजतात आणि मनातले बोलत नाहीत. नियुक्तिपत्र घेताना स्वतंत्र खोली आणि फक्त समुपदेशनाचे काम या दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.

पाच-सात वर्षांनंतर चित्र बदलते. विश्वास बसलेला समुपदेशक तोंडी शिफारशीवर चालतो, कार्यशाळा घेतो, नव्यांचे पर्यवेक्षण करतो. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखेच संरक्षण देण्यास सांगितले आहे. पण त्याचा लाभ सध्या प्रामुख्याने रुग्णालयातल्या उपचारांना मिळतो, समुपदेशनाचे शुल्क बहुतेक लोक स्वतःच्या खिशातूनच देतात. ज्या घराला पदवी संपताच पगार हवा आहे, त्या घरातल्या मुलीला मी हे सगळे आकडे दाखवते आणि सोबत बी.एड. किंवा समाजकार्याचा विचार करायला सांगते. दिशाभूल करून कोणाला या क्षेत्रात आणू नये, असे मला फार मनापासून वाटते.

“हे काम आजी-आजोबाही करतात की”

करतात, आणि त्यांनी करतच राहावे. फरक पडतो तो गाठ अवघड होते तेव्हा. आठवीतली मुलगी शाळेच्या समुपदेशकाला सांगते की एक नातेवाईक तिला नको तसा हात लावतो, आणि हे कोणाला सांगू नका म्हणते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे, न देणे गुन्हा आहे. गोपनीयतेचे वचन कुठे संपते हे त्या मुलीला पहिल्याच भेटीत तिच्या वयाच्या शब्दांत सांगितलेले असावे लागते. ‘तू सांगितलेलं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन.’ माया असलेल्या आजीला हे ठाऊक नसते. तीच आजी घराची अब्रू म्हणून गप्प बसायला सांगण्याचीही शक्यता असते.

आता मोबाइलवरचे अ‍ॅपच सल्ला देते, मग माणूस कशाला, असेही विचारले जाते. मध्यरात्री श्वासाचा व्यायाम सांगायला अ‍ॅप उपयोगी पडू शकते. त्या आठवीतल्या मुलीसाठी पोलीस ठाण्यात सोबत जाणारे, तिच्या आईला शेजारी बसवून सांगणारे माणूसच लागते.

“आमच्या भागात येणार कोण?”

निमहान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी एखादा मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकाराच्या प्रकारानुसार त्यांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. हे लोक अस्तित्वातच नाहीत असे मानणे आणि ते समुपदेशकाकडे येत नाहीत असे म्हणणे यांत फरक आहे. ते आधी फॅमिली डॉक्टरकडे जातात, हृदयाची पट्टी काढून घेतात, गोळ्या घेतात, देवऋषीकडे जातात. म्हणून लहान गावात काम सुरू करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनी पाटी लावून वाट पाहिली नाही. त्या गावातल्या दोन डॉक्टरांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि आशाताईंना जाऊन भेटल्या. त्यांतल्या एकीकडे आलेले पहिले वीस अशील त्याच डॉक्टरांनी पाठवलेले होते, ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण छातीत दुखतंच’ अशी चिठ्ठी देऊन.

तिने एक दोनशे पानी वही केली आहे. पाठ्यपुस्तकातला ‘अँग्झायटी’ हा शब्द तिच्यासमोर बसलेल्या एकानेही अजून उच्चारलेला नाही, त्यामुळे लोक जे म्हणतात ते ती त्यांच्याच शब्दांत उतरवते, नाव-गाव न लिहिता. ‘जीव घाबराघुबरा होतो.’ ‘पोटात गोळा येतो.’ ‘हातापायांना मुंग्या येतात.’ ‘डोक्यात भुंगा लागलाय.’ ‘काळीज धडधडतं नि वाटतं आत्ता जातंय.’ उजव्या पानावर ती प्रत्येक वाक्यापुढे, ते ऐकल्यावर विचारायचा प्रश्न लिहिते. मागच्या महिन्यात ती पर्यवेक्षणासाठी आली तेव्हा एका वाक्यासमोरचे उजवे पान कोरे होते. कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईंनी म्हटले होते, ‘आतून कुणी उकरल्यागत होतं.’ आम्ही दोघी त्या एका वाक्यावर पाऊण तास बसलो.